आमची वाटचाल : द्राक्षाच्या काड्या आणि उसवलेली लोकर

निफाड-पिंपळगावकडे एप्रिलात द्राक्षबागांची खरड छाटणी सुरू झाली की बांधाबांधावर काड्यांचे ढीग पडतात. शेतकऱ्याला त्यांची अडचणच. कोणी पेटवून देतं, कोणी कुट्टी करून बागेत टाकतं. 2011 साली त्यातलीच एक मोळी आम्ही स्कूटरला बांधून नाशिकला आणली. अशा काड्या आणि जुन्या स्वेटरची लोकर यांतून आम्ही तोरणं, झुंबरं, मखरं बनवतो. आज आमचं घर त्या मोळीवर चालतं, हे मी कोणालाही अभिमानाने सांगते.

काडी पेन्सिलीएवढी जाड हवी आणि छाटल्यापासून दोन दिवसांत वळवायला हवी. तोवर ती ऐकते. कडं म्हणा, कमान म्हणा. नंतर डोळ्यापाशी, म्हणजे अंकुर फुटतो त्या जागी, कडकन मोडते. बागेत मोरचुदाची फवारणी झालेली असते, म्हणून आधी स्वच्छ धुऊन घ्यायची. तणावे, म्हणजे वेलीचे ते गोल वळलेले धागे, मात्र काढायचे नाहीत, सगळी शोभा त्यांचीच. सिकेटर, म्हणजे छाटणीची कात्री, चांगलं घ्या. स्वस्तातलं काडी कापत नाही, चेंगरतं, आणि चेंगरलेलं टोक काळं पडतं. माझं लाल मुठीचं सिकेटर निफाडच्या बागायतदार दादांनी पहिल्याच वर्षी दिलेलं. स्प्रिंग तीनदा बदलली, पातं तेच आहे.

लोकरीचं खातं जाऊबाईंचं. लोकांनी टाकायला काढलेले हातविणीचे स्वेटर आम्ही घेतो. शिवण उसवायची, धागा ओढत खुर्चीच्या पाठीला गुंडाळायचा, लड चार जागी बांधून कोमट पाण्यात बुडवायची आणि ओलीच, खाली वजन लावून टांगायची. त्याशिवाय धाग्याची नागमोड जात नाही आणि क्रोशाचे खांब, म्हणजे उभे टाके, सारखे पडत नाहीत. कापून शिवलेल्या मशीनच्या स्वेटरच्या नादी लागू नका, ओळीओळीला धागा तुटलेला निघतो. जाऊबाईंचं सात पाकळ्यांचं पान त्यांनी स्वतः बसवलेलं आहे. ते कुठल्याही पुस्तकात नाही.

तोरणं, झुंबरं, रुखवताची मांडणी असं सहा-सात वर्षं ठीक चाललं. मग 2018 आलं.

23 मार्चला राज्यात प्लास्टिक-थर्माकोल बंदीची अधिसूचना निघाली. जुलैत हायकोर्टानेही गणपतीच्या सजावटीसाठी थर्माकोलला सूट दिली नाही, आणि आमचा फोन वाजायचा थांबेना. मुंबईचा एक व्यापारी घरी आला. आमची कमान पाहून त्याने एकदम 180 मखरं मागितली. गणपती 13 सप्टेंबरला. आगाऊ फक्त पाच हजार टेकवले, बाकीचे ‘सण झाला की’. आम्ही हो म्हटलं. एप्रिलच्या काड्या पुरेनात म्हणून बांधावर पावसात भिजत पडलेल्या मोळ्या उचलल्या, गरम पाण्यात मऊ करून वळवल्या आणि पुरतं वाळू न देता बांधल्या. नऊ बायका रात्री दोन-दोन वाजेपर्यंत बसत होत्या. माल वेळेत गेला.

अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी दारात टेम्पो उभा. 126 मखरं परत. काड्यांतून पिवळसर पूड गळते, गिऱ्हाइकं ओरडतात, एक पैसा मिळणार नाही, व्यापारी म्हणाला. पूड गळत होती, ते खरं. चूक आमची होती. पण त्यातल्या निम्म्या मखरांवर हळदीकुंकू सांडलेलं होतं. म्हणजे घरोघरी गणपती बसले, पैसे व्यापाऱ्याकडे जमा झाले, आणि मखरं आमच्या अंगणात! बायकांची मजुरी द्यायला मी मुलीच्या नावची एफडी मोडली. पुढच्या वर्षी त्याच्या दुकानात तीच कमान प्लास्टिकच्या वेलीत लागली, जाऊबाईंच्या सात पाकळ्यांच्या पानासकट. जाऊबाई ते बघून आल्या आणि महिनाभर त्यांनी क्रोशाची सुई हातात धरली नाही. हे मी विसरलेले नाही, विसरणारही नाही.

त्याच वर्षी गंगापूर रोडच्या वहिनींनीही आमचं मखर घेतलं होतं. आमचं पहिलं तोरणही त्यांनीच घेतलेलं. विसर्जनानंतर त्या घरी आल्या त्या वर्तमानपत्राची पुडी घेऊन. पुडीत तीच पूड. वहिनींचं माहेर सिंधुदुर्गातलं. ‘‘अगं, हा भुंगा. आमच्याकडे बांबू आधी पाण्यात बुडवून ठेवतात, तो उगाच का? काडीतलं पिठूळ निघून गेलं की किडा येत नाही.’’ पैसे परत मागितले नाहीत, उलट पुढच्या वर्षीच्या दोन तोरणांचे देऊन गेल्या.

मागच्या अंगणात आम्ही हौद बांधला. आता काडी वळवली की कडी तीन आठवडे पाण्यात, पाणी दर चार दिवसांनी बदलायचं, मग बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडचं पाणी, मग सावलीत महिनाभर. घाईचं काम आम्ही घेत नाही. धंद्यात नव्याने येणाऱ्या मुलींना सांगते, अर्धे पैसे हातात पडल्याशिवाय सुतळीचा तुकडासुद्धा कापू नका. आणि आपला नमुना दाखवताना फोटो काढू देऊ नका.

वहिनींनी ते 2018 चं मखर टाकलं नाही. त्या वर्षी मी ते आणून उकळत्या पाण्याने तीनदा शेकलं, उन्हात ठेवलं, भोकं मेणाने बुजवली. दर श्रावणात ते माझ्याकडे येतं, विटलेली लोकर सोडून मी नवी गुंडाळते. नवीन मखर देते म्हटलं तर वहिनी ऐकत नाहीत.