ज्या घरातून गाडा निघतो

बकासुराची गोष्ट लहानपणी ऐकली नाही असा माणूस आपल्याकडे विरळाच. बहुतेकांच्या लक्षात राहतो तो एकच प्रसंग: भीम मांडी ठोकून गाड्यातला भात चापतोय, मागून बकासुर त्याच्या पाठीत गुद्दे घालतोय आणि हा पठ्ठ्या ढिम्म हलत नाही. जेवण आटोपून, हात-तोंड धुऊन मगच तो मारामारीला उभा राहतो. पण आदिपर्वातलं हे प्रकरण मोठेपणी काढून वाचलं की गंमत वाटते. मारामारी चटकन उरकते. अध्यायच्या अध्याय खर्ची पडलेत ते एकचक्रा नगरीतल्या एका ब्राह्मणाच्या घरावर. गाडाभर भात, दोन रेडे आणि ते घेऊन जाणारा माणूस, असा त्या बकासुराचा रतीब. आणि आज पाळी या घरावर आलेली. बाप आधी बायकोवर घसरतो. तरी मी म्हणत होतो, हा मुलूख सोडू या. पण तुझा जन्म इथला, तुझे वडील इथे, तुझा पाय काही निघेना! (राक्षस वेशीवर आला तरी माहेरावरून भांडण चुकत नाही.) मग बायको म्हणते मी जाते, मुलगी म्हणते मीच जाते. शेवटी बोबडं बोलणारं धाकटं पोर गवताची काडी उचलून सांगतं, या काडीनं मी मारीन त्याला. रडता रडता सगळ्यांना हसू फुटतं. बकासुराचं तोवर नखही दिसलेलं नाही.

मॉन्स्टर सिनेमा कशानं मोठा होतो यावर माझं म्हणणं एवढंच आहे. ज्या घरातून गाडा निघतो ते घर दाखवता आलं पाहिजे. राक्षस किती मजली आहे, त्याचे खवले किती खरे दिसतात, हे नंतर बघू.

१९५४चा जपानी ‘गोजिरा’ घ्या, म्हणजे आपला गॉडझिला. दिग्दर्शक इशिरो होंडा. आज पाहिलं तर रबराच्या पोशाखातला माणूस लपत नाही. हारुओ नाकाजिमा हा नट तो अवजड पोशाख चढवून छोट्या छोट्या इमारती तुडवत असे. आत इतकं उकडायचं की काही मिनिटांतच त्याला बाहेर काढावं लागे. गॉडझिलाची ती डरकाळी संगीतकार अकिरा इफुकुबे यांनी डबल बेसच्या सैल केलेल्या तारांवर राळ लावलेला चामडी हातमोजा घासून काढली होती. हे सगळं माहीत असूनही सिनेमा अंगावर येतो.

कारण तो सुरू होतो एका बोटीपासून. डेकवर खलाशी निवांत बसलेत, समुद्रात डोळे दिपवणारा प्रकाश होतो आणि बोट पेटते. जपानी प्रेक्षकाला हे कुठलं ते सांगावं लागलं नाही. त्याच वर्षी १ मार्चला अमेरिकेनं बिकिनी बेटांवर हायड्रोजन बाँबची चाचणी घेतली होती आणि त्याची किरणोत्सारी राख ट्यूना मासे धरणाऱ्या एका जपानी बोटीवरच्या २३ जणांच्या अंगावर पडली होती. त्यांच्यातला रेडिओ ऑपरेटर सप्टेंबरमध्ये वारला. सिनेमा लागला ३ नोव्हेंबरला. पडद्यावर बोट बुडाल्याची बातमी येते आणि खलाशांचे घरचे लोक कचेरीत गर्दी करतात: यादी दाखवा, नावं सांगा, कोण वाचलं? पुढे लोकलमध्ये एक बाई सहज बोलून जाते, नागासाकीतून जीव वाचवून आले, आता हे! टोकियो जळत असताना एक आई मुलांना पोटाशी धरून भिंतीला टेकून बसलीय. ती त्यांना सांगते, आता आपण बाबांकडे जाणार. बाबा बहुधा युद्धात गेलेले. सिनेमा तेवढंही सांगत नाही. गॉडझिला या चौकटीत नाहीच. पण त्याची उंची मला कळली ती इथे.

‘जॉज’चं कौतुक करताना सगळे सांगतात की यांत्रिक शार्क खाऱ्या पाण्यात सारखा बिघडायचा, म्हणून स्पीलबर्गनं तो फारसा दाखवलाच नाही आणि त्यामुळे भीती वाढली. खरं आहे. पण राक्षस लपवला की सिनेमा आपोआप चांगला होतो असं थोडंच आहे! निव्वळ अंधार दाखवणारे ढिगानं सिनेमे आहेत. ‘जॉज’मध्ये काळ्या कपड्यातली एक आई पोलीसप्रमुखाच्या थोबाडीत मारते. समुद्रात शार्क आहे हे माहीत असून तुम्ही किनारा उघडा ठेवलात, माझा मुलगा गेला. त्या रात्री हा पोलीसप्रमुख घरी जेवणाच्या टेबलाशी मान खाली घालून बसलाय. बोटं गुंफतो, तोंडावरून हात फिरवतो, आणि शेजारी बसलेला धाकटा मुलगा हुबेहूब तसंच करतो. बापाच्या लक्षात येतं आणि मग तो मुद्दाम तोंडं वेडीवाकडी करायला लागतो. शार्कपेक्षा मला तेच टेबल जास्त आठवतं.

जपान्यांना हे पुन्हा साधलं ते २०२३च्या ‘गॉडझिला मायनस वन’मध्ये. आत्मघातकी हल्ल्याला पाठवलेला पण मरायचं टाळून परत आलेला वैमानिक, एक अनोळखी तरुणी आणि तिनं उचलून आणलेलं कुणाचं तरी पोर, असं रक्ताचं नातं नसलेलं घर पडक्या टोकियोत उभं राहतं, आणि मग गॉडझिला येतो. याला ऑस्कर मिळालं ते व्हिज्युअल इफेक्ट्सचं, हे ठीकच.

आपल्याकडे ‘तुंबाड’ आहे. नारायण धारपांच्या कथेतून ठिणगी पडलेला, कोकणातल्या पावसात भिजलेला. यातला राक्षस हस्तर. त्याला भूक धान्याची, म्हणून त्याच्यासाठी पिठाची बाहुली न्यायची. तो ती खात असताना त्याच्या लंगोटातल्या मोहरा हिसकायच्या. गाडा इथेही आहेच. फक्त पाळी कुणी लावलेली नाही, सिनेमाचा नायक विनायक आपणहून जातो, पुन्हा पुन्हा जातो. हस्तर भयंकर दिसतो यात वाद नाही. पण मी जास्त टरकले ते विनायक आपल्या मुलाला या धंद्याची तालीम द्यायला लागतो तेव्हा, कारण पोरगा हौसेनं शिकतो.

हॉलिवूडच्या हल्लीच्या राक्षस-विरुद्ध-राक्षस प्रकारात अख्खं शहर भुईसपाट होतं आणि एकाही खिडकीतून कुणी डोकावत नाही. सगळे बहुधा गावाला गेलेले असतात. माझा भाचा अशा वेळी खुर्चीच्या टोकावर बसून कोण जिंकतंय ते बघतो. मी पॉपकॉर्न आणायला तेव्हाच उठते. काउंटरवर अजिबात गर्दी नसते.