भावाला घेऊन जुन्या गोव्याची वारी

३ डिसेंबरला जुन्या गोव्यात संत फ्रान्सिस झेवियरचं फेस्त, म्हणजे सण, असतं. आम्ही त्याला सायब म्हणतो. फेस्ताच्या आधी बेळगाव-खानापूरकडची माणसं जांबोटी, कणकुंबी करत चोर्ला घाटातून चालत जातात. शंभरेक किलोमीटरची वाट. या खेपेला आमच्या घोळक्यात माझा धाकटा भाऊही होता. त्याला सेरेब्रल पाल्सी आहे. जन्माच्या वेळी मेंदूला इजा झाली, तेव्हापासून हातपाय ताठ आणि बोलणं जड. समज मात्र लख्ख. साध्या व्हीलचेअरची पुढची लहान चाकं या रस्त्यावर टिकली नसती, म्हणून उद्यमबागेतल्या एका फॅब्रिकेटरकडून पुढे सायकलचं चाक आणि मागे हँडब्रेक बसवून घेतला.

किणयेपर्यंत रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, म्हणत गेलो, अर्धी मराठीत, अर्धी कोंकणीत. तिथे चहाला थांबलो तर एक म्हातारी जवळ आली आणि भावाच्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाली, "मागल्या जन्माचं काय तरी असंल गं बाई." ती मायेनेच बोलली. तिच्यावर मी काय रागावू? आमच्याच चर्चमधल्या एका बाईंनी आईला विचारलं होतं की घराण्यात कुणाच्या हातून काय घडलं? आई घरी येऊन पाट्यावर चटणी वाटत रडली होती. हाच प्रश्न शिष्यांनी येशूला विचारलेला आहे. जन्मांध माणूस समोर बसलेला, आणि हे विचारतात, पाप कुणाचं, याचं की आईबापाचं? येशू म्हणाला, याचंही नाही, आईबापाचंही नाही. देवाची कामं याच्या ठायी दिसावीत म्हणून. बायबलात योहानाच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात आहे. आईला हे त्या दिवशी कुणी वाचून दाखवलं नाही, याचं मला अजून दुःख आहे.

वाटेत दुसरा प्रश्न सारखा यायचा, "नवस काय बोललाय?" तो बरा व्हावा म्हणूनच आणलाय, असं सगळे धरून चालतात. आम्ही काही मागायला निघालो नव्हतो. त्याला यायचं होतं म्हणून तो आला, बाकीचे आले तसाच.

कुसमळीला मलप्रभा ओलांडून संध्याकाळी जांबोटीला पोचलो. थंडी पडली की त्याचे स्नायू आणखी आखडतात. आधी शेकोटीजवळ नेऊन पाय चोळले, मग जेवण. त्याला भरवणं म्हणजे घाईचं काम नाही. मान किंचित पुढे, हनुवटीखाली टॉवेल, आणि पेज दाटसर हवी, पातळ असली की ठसका लागतो. चमचा अर्धाच भरायचा, जिभेवर मधोमध टेकवायचा आणि गळ्याची घाटी वरखाली झालेली दिसेपर्यंत थांबायचं. तोवर दुसरा चमचा भरायचासुद्धा नाही, कारण भरलेला चमचा दिसला की तो घाईने गिळतो. एक वाटी पेजेला पाऊण तास. कॉलेजातला एक मुलगा बघत बसला होता. थोड्या वेळाने म्हणाला, "ताई, मी भरवू?" उरलेली पेज त्याने भरवली.

त्या रात्री फादरांनी मार्गारेटची गोष्ट सांगितली. १२८७ साली इटलीत जन्मलेली. आंधळी, पाठीला कुबड, पायाने अधू, चणीने ठेंगणी. घराणं मोठं, म्हणून आईबापांनी लाजेखातर तिला कोंडून ठेवलं. पुढे चित्ता दि कास्तेल्लो या गावी चमत्कार होतात असं ऐकून तिला तिथे घेऊन गेले. ती बरी झाली नाही, तेव्हा तिथेच टाकून निघून आले. गावातल्या गरिबांनी तिला सांभाळलं, आणि तिने त्यांची पोरं सांभाळली, शिकवली. १३२० मध्ये ती गेली. पोप फ्रान्सिस यांनी २०२१ मध्ये तिला संत म्हणून जाहीर केलं. वारीला नेऊन टाकलेली मुलगी! मला झोप लागेना. माझ्या डोक्यात घोळत होते ते त्या गावातले लोक. दार उघडून आंधळ्या पोरीला आत घेणाऱ्यांची नावं कुणाला माहीत आहेत?

आमच्या मागच्या टेम्पोत माझी मामेबहीण होती, तिची दीड वर्षाची मुलगी घेऊन. मुलीला डाऊन सिंड्रोम आहे. पोटात असतानाच कळलं होतं. डॉक्टर म्हणाले, अजून वेळ आहे, मोकळ्या व्हा. कायद्याने ते शक्य आहे. २०२१ च्या दुरुस्तीनंतर मोठं व्यंग असेल तर मेडिकल बोर्डाच्या परवानगीने २४ आठवड्यांनंतरही. बहीण नाही म्हणाली. मी तिच्या बाजूने होते आणि आहे. पोटातलं मूल पुढे काय करू शकेल यावर त्याच्या जगण्याचा हक्क ठरत नाही. माणूस देवाच्या प्रतिमेत घडला असं आपण म्हणतो, त्यात हात चालणं, हिशेब येणं अशी अट कुठे आहे? पण तिला "ठेव" असं सांगणाऱ्या आम्हा सगळ्यांवर त्या दिवसापासून त्या पोरीचं देणं लागलं. जन्माला येऊ द्या म्हणायचं आणि चर्चला सात पायऱ्या चढून जायला लावायचं, हे मला सहन होत नाही. माझ्या भावाला दर रविवारी चौघं उचलतात. एक जण आला नाही तर तो मिस्सा, म्हणजे रविवारची उपासना, दारातून ऐकतो. बायबलात पौल मंडळीला एक शरीर मानतो आणि म्हणतो, शरीराचे जे अवयव दुबळे वाटतात तेच अधिक गरजेचे. मग त्यांना दाराबाहेर ठेवून आत जमलेलं शरीर पुरं कसं?

कणकुंबीला मलप्रभेच्या उगमाजवळ थांबलो आणि पहाटे घाट धरला. चढापेक्षा उतार अवघड. ब्रेक तापायला लागला, तेव्हा खुर्चीच्या मागे दोर बांधून चौघांनी मागे ओढून धरली, दोघं बाजूला. वळणावर ट्रक आला की सगळे डोंगराच्या बाजूला दाबून उभे. भाऊ मात्र खुशीत, "जोरात! जोरात!" ओरडत होता. भित्र्या लोकांना त्याने शिव्याही घातल्या. तो कुणी देवमाणूस नाही. चिडतो, हट्ट करतो, क्रिकेटची मॅच हुकली की दिवसभर बोलत नाही.

साखळी, डिचोली करत जुन्या गोव्याला पोचलो. इथे जपलेल्या सायबाच्या शवाचा उजवा हात १६१४ मध्ये काढून रोमला नेला, त्याच हाताने त्याने हजारोंना बाप्तिस्मा दिला होता. हे ऐकून भावाने स्वतःचा वाकडा उजवा हात डाव्याने उचलून मला दाखवला आणि हसला. कम्युनियनला, म्हणजे पवित्र भाकर वाटताना, फादर खाली उतरून आमच्याजवळ आले. गिळता येईल एवढा लहान तुकडा मोडून त्याच्या जिभेवर ठेवला, आणि घाटी हलेपर्यंत थांबले.

मिस्सा झाल्यावर टेम्पोच्या फळीवर बसून बोलणी झाली. डाऊन सिंड्रोमच्या निम्म्याच्या आसपास मुलांना हृदयाचा दोष असतो. आमच्या छोटीलाही आहे, जानेवारीत ऑपरेशन. कॉलेजातल्या त्या मुलाने रक्तदात्यांची यादी करायचं अंगावर घेतलं. टेम्पोवाल्या दादाने ने-आण. मामेबहिणीचा मोठा मुलगा आमच्याकडे राहणार, शाळा जवळ पडते. रात्री दवाखान्यात कोण थांबणार यावर दोघी बायकांची जुंपली, दोघींनाही पहिली रात्र हवी होती. शेवटी एकीला सोमवार दिला, दुसरीला मंगळवार. बुधवार भावाने मागून घेतला.