पाच, नऊ, सात, चार…

आमच्या संस्थेचा ओपन डे झाला की दुसऱ्या दिवशी माझा घसा बसलेला असतो आणि बोटांना आयसोप्रोपिल अल्कोहोलचा वास येत असतो. यंदाही तेच झालं. पीएचडीचं चौथं वर्ष, ओपन डेही चौथा, आणि चारही वर्षं माझ्याकडे क्लाउड चेंबरच, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या कणांची वाट अल्कोहोलच्या धुक्यात उमटवून दाखवणारी पेटी.

समोरच्या टेबलावर द्रवरूप नायट्रोजन. फुलं बुडवून हातोडीने फोडायची, फुगे आकसून दाखवायचे, शेवटी डब्याचं झाकण फाडकन उडवायचं. त्या स्टॉलचा मला हेवा वाटतो, हे आधीच कबूल करते. त्यांच्याकडे दर वीस मिनिटांनी टाळ्या पडतात. माझ्याकडे एक काचेची पेटी. तिच्या झाकणाला आतून अल्कोहोलने भिजवलेली फेल्टची पट्टी, तळाला काळा धातूचा पत्रा, त्याखाली उणे 78 अंशांचा ड्राय आइस. पेटी लागायला पंधरा-वीस मिनिटं जातात आणि तोवर तिच्यात बघण्यासारखं काही म्हणजे काहीच नसतं.

"ताई, यात काय आहे?"

"थांब जरा, दिसेल."

निम्मे इथेच गळतात.

जे थांबतात त्यांना आधी तळाशी बारीक भुरभुर दिसते. मग एकदम एक पांढरी रेघ उमटते, कोळ्याच्या धाग्याएवढी, आणि दोन-तीन सेकंदांत विरून जाते. ती म्युऑनची, म्हणजे अंतराळातून येणाऱ्या किरणांमुळे वातावरणात तयार होणाऱ्या एका अल्पायुषी कणाची असली, तर तो कण साधारण 15 किलोमीटर उंचीवर जन्मलेला असतो. त्याचं सरासरी आयुष्य 2.2 मायक्रोसेकंद. तेवढ्या वेळात प्रकाशसुद्धा जेमतेम साडेसहाशे मीटर जातो. तरीही हा पठ्ठ्या पेटीपर्यंत पोचतो, कारण इतक्या वेगाने धावणाऱ्याचं घड्याळ आपल्या हिशेबाने सावकाश चालतं. हे सांगितलं की लोक "वा!" म्हणतात, फोटो काढतात आणि नायट्रोजनकडे वळतात.

यंदा एक मुलगी वळली नाही. असेल तेरा-चौदाची. पेटीच्या तळावर मी दोऱ्याने एक छोटा चौकोन आखलेला असतो, तिकडे बोट करून तिने विचारलं, "हा कशाला?" मी म्हटलं, त्यात मिनिटाला किती रेघा उमटतात ते मोजायला. खरं तर कुणी मोजत नाही. तिने वहीचं शेवटचं पान उघडलं, मनगटावरच्या घड्याळाकडे बघत मिनिटामिनिटाने आकडे लिहायला लागली. पाच. नऊ. सात. चार. अकरा. सहा.

सहा मिनिटं. या गोंगाटात सहा मिनिटं एका चौकोनाकडे बघत उभं राहणं म्हणजे काय, ते स्टॉल लावणाऱ्यांनाच कळेल. मागच्यांनी दोनदा ढकललं, आई दोनदा हाक मारून गेली.

मग तक्रार आली. "दर वेळी वेगळं येतंय. तुमची पेटी बिघडलीय."

पेटी अजिबात बिघडली नव्हती. आम्ही दोघींनी सरासरी काढली. बेचाळीस भागिले सहा, सात. सातचं वर्गमूळ अंदाजे 2.6. एकमेकांशी संबंध नसलेल्या, केव्हाही घडणाऱ्या घटना मोजल्या तर आकडे सरासरीच्या आसपास साधारण तेवढेच विखुरतात. दर तिनातले दोन त्या पट्ट्यात बसावेत अशी अपेक्षा. तिने 4.4 आणि 9.6 अशा दोन रेघा मारून तपासलं. सहापैकी चार आत, चार आणि अकरा बाहेर. नमुना इतका लहान असताना हे असं नेमकं जुळणं हा निव्वळ योग, पण तो मी तिला सांगितला नाही. तेवढी अप्रामाणिक मी आहे.

अशा कार्यक्रमांचं महत्त्व सांगायची वेळ आली की हटकून मायकेल फॅरडे निघतो. बाइंडिंगच्या दुकानातला उमेदवार, 1812 साली एका गिऱ्हाइकाने दिलेल्या तिकिटांवर नामवंत रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्हींची व्याख्यानं ऐकायला गेला आणि पुढे खुद्द फॅरडे झाला. आमच्या उद्घाटनाच्या भाषणातही तो होताच. मी मात्र दर वेळी मधल्या भागात अडकते. त्याने त्या व्याख्यानांची टिपणं काढली, ती वाढवून तीनेकशे पानांची केली, स्वतः बांधली आणि डेव्हींना पाठवली. तरी लगेच नोकरी मिळाली नाही. डेव्हींच्या लंडनमधल्या संस्थेतल्या, रॉयल इन्स्टिट्यूशनमधल्या, साहाय्यकाला मारामारीपायी काढलं, जागा रिकामी झाली, तेव्हा कुठे 1813 च्या मार्चमध्ये त्याला आत घेतलं. म्हणजे तिकीट हवंच, पण त्यानंतर एकट्याने उपसलेलं काम हवं, आणि ते घेऊन आलेल्याला उघडणारं दारही हवं. 1825 मध्ये तिथे मुलांसाठी नाताळची व्याख्यानं सुरू झाली. त्यांतल्या एकोणीस मालिका फॅरडेनेच दिल्या. दार कसं उघडलं होतं ते तो विसरला नसावा, असं मला आपलं वाटतं.

आमच्याकडे संध्याकाळी जो फॉर्म भरून घेतात त्यात किती लोक आले याचा रकाना आहे आणि कार्यक्रम आवडला का, याला तीन हसरे-रडके चेहरे आहेत. कुणी परत आलं का, हे विचारणारा रकाना नाही. गेल्या वर्षी मी तो सुचवला होता. "बघू" म्हणाले.

परवा त्या मुलीच्या आईच्या पत्त्यावरून ईमेल आली. सोबत वहीच्या पानाचा फोटो. पाऊस भुरभुरत असताना तिने फरशीचा एक चौकोन निवडून, कापडाने पुसत, दर दहा सेकंदांत पडणारे थेंब मोजले होते. चाळीस आकडे. एकावर काट मारून शेजारी लिहिलेलं, "शिंक आली, चुकलं." सरासरी बारा, पण आकडे तीनपासून पंचवीसपर्यंत पसरलेले. खाली एकच वाक्य: "ताई, तुमचं वर्गमूळ इथे चालत नाही."

नाहीच चालणार. पाऊस मध्येच वाढतो, मध्येच ओसरतो. सरासरीच जागेवर नसेल तर वर्गमूळ काय करेल? हे उत्तर मी टाइप केलं आणि खोडलं. आकडे आलेल्या क्रमाने आलेखावर मांड, एवढंच कळवलं, आणि आईला घेऊन शनिवारी दहाला ये म्हटलं.

गेटच्या रजिस्टरमध्ये "कामाचं स्वरूप" लिहावं लागतं. तिथे काय लिहायचं, ते अजून ठरलेलं नाही.