सकाळी का नाही जात? तुम्ही विचारलंत म्हणून

सोसायटीच्या जिन्यात, ऑफिसात, सासरच्या लग्नकार्यांत, सगळीकडे हाच प्रश्न. "जिमला सकाळी का नाही जात? दिवेलागणीला कसला व्यायाम?" पाठोपाठ 'लवकर निजे, लवकर उठे' येतंच.

मी लवकर उठते. पाचला उठून दोन डबे मीच करते. वजनं मात्र वागळे इस्टेटमधलं ऑफिस सुटल्यावर, नौपाड्यात, संध्याकाळी सातला उचलते.

शरीराचं तापमान पहाटे चार-पाचच्या सुमारास सर्वांत खाली असतं आणि दुपार कलल्यावर, संध्याकाळपर्यंत सर्वांत वर जातं. फरक अर्ध्या-एक अंशाचा, पण तेवढ्यानंही स्नायू चपळ होतात आणि बहुतेकांची ताकद संध्याकाळी जास्त भरते. शिवाय रात्रभर आडवं पडल्यानं मणक्यांमधल्या चकत्या पाणी शोषून फुगतात. उठल्या उठल्या वाकून वजन उचललं की त्यांच्यावर जास्त ताण येतो. जिममधली मुलं म्हणतात, सकाळी टेस्टोस्टेरॉन जास्त असतं. असतं, पण म्हणून त्या तासाला ताकद जास्त नसते.

हे मला वाशीच्या पॉवरलिफ्टिंग स्पर्धेआधीही माहीत होतं. त्यात स्क्वॉट, बेंच आणि डेडलिफ्ट अशा तीन प्रकारांत वजन उचलायचं आणि शेवटी तिन्हींची बेरीज धरतात. स्वतःचं वजन मोजून द्यायला सकाळी सातला हजर राहायचं होतं, म्हणून ठाण्याहून पहाटेची ट्रान्स-हार्बर लोकल पकडली. नऊला स्क्वॉट, म्हणजे खांद्यांवर बार घेऊन खाली बसायचं आणि उठायचं. पहिलं वजन 80 किलो, जे मी नौपाड्यात गप्पा मारता मारता उचलते. खाली गेले, वर आले, तीन पंचांपैकी दोघांचे लाल दिवे, म्हणजे बाद. मांडीचा कमरेकडचा सांधा गुडघ्याच्या खाली गेलाच नव्हता. मांड्या लाकडासारख्या झाल्या होत्या. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा जिद्दीनं पूर्ण खाली गेले आणि वर येताच येईना, मागच्या दोघांनी बार धरला. स्क्वॉटच्या तिन्ही संधी गेल्या की स्पर्धाच संपते, बेंच (आडवं पडून बार वर ढकलणं) आणि डेडलिफ्ट (बार जमिनीवरून उचलणं) चांगले झाले तरी बेरीज धरत नाहीत. मुलगी प्रेक्षकांत बसली होती. तिनं काही विचारलं नाही, पाण्याची बाटली पुढे केली. मला त्या क्षणी तिथून उठून जायचं होतं आणि पाय उचलत नव्हते.

परतीच्या गाडीत मी ठामपणे म्हणाले, वेळेनं घात केला. आता तेच वाक्य मला टोचतं. रात्री झोप कुठे लागली होती? आणि नेरुळची एक जण, माझ्यासारखीच संध्याकाळी सराव करणारी, तिला तिन्ही वेळा पांढरे दिवे मिळाले, त्याचं काय? पण मांड्यांचा तो ताठरपणा खराच होता, तो मी कल्पनेनं आणला नव्हता.

नियमित सकाळी सराव केला तर सकाळ-संध्याकाळमधली ही तफावत कमी होते, हे अभ्यासांतून दिसलेलं आहे. महिनोन् महिने व्यायाम करणाऱ्यांच्या स्नायूंच्या वाढीत वेळेमुळे ठळक फरक पडल्याचंही दिसत नाही. त्यामुळे सकाळी जाणाऱ्यांशी माझं भांडण नाही. माझं भांडण 'दिवेलागणीला कसला व्यायाम?' या प्रश्नाशी आहे. माझा नवरा रात्री आठला बॅडमिंटनला जातो, त्याला जिन्यात कुणी अडवत नाही. संध्याकाळचा तो तास दिवसभरात माझा एकटीचा आहे आणि त्याच तासाला माझं शरीरही साथ देतं. यातलं खरं कारण कोणतं, हे दर वेळी वेगळं वाटतं.

पुढची स्पर्धाही सकाळचीच आहे. आधीचा महिना-दीड महिना आठवड्यातून दोनदा पहाटे सराव करायचं ठरवलंय. त्या दिवशी डबे कोण करणार, यावर घरात अजून बोलणं चालू आहे.