काकांचे शहाळे

मे महिन्यात वेंगुर्ल्याजवळच्या आमच्या घरी पाडेली माडावर चढला की काका खळ्यात येऊन बसतात. कोयतीने तासलेले पहिले शहाळे त्यांच्या हाती देण्याची आमच्याकडे रीत आहे. गेली दोन वर्षे काका ते घेतात आणि न पिता माझ्यापुढे धरतात. मधुमेहामुळे त्यांची मूत्रपिंडे अधू झाली असून डॉक्टरांनी शहाळे पूर्ण वर्ज्य केले आहे. आजाऱ्याला भेटायला जाताना आपण शहाळेच घेऊन जातो, त्यामुळे हे पथ्य आमच्या घरी कोणाच्या गळी उतरेना. म्हणून त्यामागचे कारण नीट मांडावेसे वाटले.

शहाळ्याच्या एका मोठ्या पेलाभर पाण्यात साधारण अर्धा ग्रॅम पोटॅशियम असते. हे क्षुल्लक वाटेल, परंतु शरीरातील बहुतेक पोटॅशियम पेशींच्या आत असते आणि रक्तासह पेशींबाहेरच्या सगळ्या द्रवात मिळून ते जेमतेम अडीच ग्रॅम भरते. रक्तात त्याचे प्रमाण लिटरमागे सुमारे 3.5 ते 5 मिलिमोल राहावे लागते. ते फार वाढले तर हृदयाची लय बिघडते आणि प्रसंगी हृदय थांबतेही. निरोगी माणूस शहाळे पितो तेव्हा जादा पोटॅशियम पेशी तात्पुरते आत ओढून घेतात आणि पुढच्या काही तासांत मूत्रपिंडे ते बाहेर काढतात.

मूत्रपिंड म्हणजे गाळणी, असे आपण सहज म्हणतो. मला हे वर्णन फार अपुरे वाटते. प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे दहा लाख सूक्ष्म नलिका असतात आणि दोन्ही मिळून दिवसाला जवळजवळ 180 लिटर द्रव रक्तातून गाळतात, पण लघवी होते ती दीड-दोन लिटर. म्हणजे पाणी, मीठ, साखर असे सगळे आधी बाहेर सोडायचे आणि मग शरीराला हवे तेवढे मोजून परत घ्यायचे, अशी ही पद्धत आहे. गाळण्यापेक्षा हे परत घेणेच मला अधिक विलक्षण वाटते. नलिकेच्या शेवटच्या भागात अल्डोस्टेरॉन या संप्रेरकाच्या सांगण्यावरून मीठ राखले जाते आणि पोटॅशियम सोडले जाते. पाण्याचा हिशेब दुसऱ्या संप्रेरकाकडे असतो: उन्हात आंबे उतरवून घामाघूम झालेल्या माणसाच्या मेंदूतून ते अधिक स्रवते, नलिका पाणी राखून ठेवतात आणि लघवी थोडी व गडद होते.

या राखण्यालाही मर्यादा आहे. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे 35 ग्रॅम क्षार असतात. तेवढी खारट लघवी माणसाचे मूत्रपिंड तयार करू शकत नाही, म्हणून ते पाणी प्यायल्यास मीठ बाहेर टाकण्यासाठी शरीरातलेच पाणी खर्ची पडते. होडीवर गोड्या पाण्याचा कॅन लागतो तो यासाठी.

काकांची मूत्रपिंडे जे करू शकत नाहीत, ते आता काकू स्वयंपाकघरात करते. बटाटा बारीक चिरून भरपूर पाण्यात उकडायचा आणि ते पाणी ओतून द्यायचे, म्हणजे त्यातले बरेचसे पोटॅशियम निघून जाते. पेजेत मीठ अगदी बेताचे, सुकट बंद. मागच्या तपासणीत पोटॅशियम 4.8 आले, तो कागद काकूने देवघराच्या फळीवर जपून ठेवला आहे.