ओपनॅटचे आर्ग्युमेंट्स कर्नलमधून वाचायला मला चार दिवस लागले

आमची एक सर्व्हिस सुरू होता होता मरत होती आणि लॉगमध्ये फक्त "फाइल सापडली नाही" एवढंच, कुठली फाइल ते नाहीच. म्हटलं ओपनॅटलाच (फाइल उघडायला प्रोग्राम कर्नलला, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याला, करतो तो सिस्टिम कॉल) केप्रोब लावू, म्हणजे कर्नलमधलं फंक्शन चालताना आपला छोटा कोड (हँडलर) चालवणारा सापळा, प्रोग्राम कुठलं नाव मागतोय आणि कर्नल काय उत्तर देतोय ते तिथेच दिसेल. लिनक्स, एक्स८६-६४, सगळं व्हर्च्युअल मशीनवर.

पुस्तकी माहिती होती की आर्ग्युमेंट्स (कॉलला दिलेल्या किमती) प्रोसेसरच्या आरडीआय, आरएसआय, आरडीएक्स, आर१०, आर८, आर९ या रजिस्टर्समध्ये येतात (चौथ्याला आरसीएक्स चालत नाही, कारण सिस्कॉल इन्स्ट्रक्शन त्यात परतीचा पत्ता ठेवते). मग हँडलरमध्ये सरळ डीआय (आरडीआयचं कर्नलमधलं नाव) छापला. ओपनॅटचं पहिलं आर्ग्युमेंट बहुतेक वेळा -१०० असतं, म्हणजे चालू डिरेक्टरी, पण मला दिसत होता कर्नलचा कुठलातरी लांबलचक पत्ता. दीड दिवस मी स्वतःच्या कोडमध्ये चूक शोधत बसलो.

खरी गोम अशी की ४.१७ कर्नलपासून, म्हणजे २०१८ पासून, एक्स८६-६४ वर सिस्टिम कॉलच्या फंक्शनला एकच आर्ग्युमेंट मिळतं, ते म्हणजे पीटी-रेग्सचा (रजिस्टर्सच्या किमती साठवणारी रचना) पॉइंटर, आणि युजरचे खरे रजिस्टर्स त्या पॉइंटरच्या आत असतात. म्हणजे माझ्या हँडलरला मिळालेला पीटी-रेग्स वेगळा, त्याच्या डीआयमध्ये दुसऱ्या पीटी-रेग्सचा पत्ता, आणि त्या दुसऱ्याचा डीआय वाचायचा. तो वाचला आणि स्क्रीनवर -१०० आला तेव्हा इतकं बरं वाटलं की काय सांगू.

मग फाइलचं नाव. तो पत्ता युजर मेमरीतला, मी तो थेट वाचला आणि मशीन पडलं. तसं करायचंच नाही, मेमरीचं पान हजर नसेल तर ते आणत न बसता सरळ एरर देणारं, कॉपी करायचं नोफॉल्टवालं फंक्शन वापरायचं. तेही लावलं तरी काही नावं रिकामी यायची, कारण कॉल सुरू होताना ते पान कधीकधी मेमरीत आलेलंच नसतं. शेवटी केरेटप्रोब (फंक्शन सुरू होताना आणि परतताना, दोन्ही वेळा हँडलर चालवणारा प्रोब) घेतला, एंट्री हँडलरमध्ये फक्त पॉइंटर जपून ठेवला (परत येईपर्यंत डीआयमध्ये जुनं काही राहील याचा भरवसा नाही) आणि नाव परतताना वाचलं, तोवर कर्नलने ते स्वतः वाचलेलं असतं त्यामुळे पान जवळपास नेहमीच हजर.

रिटर्न व्हॅल्यू एएक्स रजिस्टरमध्ये असते, ती मी अनसाइन्ड छापली तर १८४४६७४४०७३७०९५५१६१४ असा आकडा आला. साइन्ड करून बघितलं तर साधा -२, म्हणजे फाइल नाही. एरर नंबर मायनस करून परत द्यायचा ही कर्नलची पद्धतच आहे, एर्नो (प्रोग्रामला दिसणारा एरर नंबर) वगैरे नंतर लायब्ररी भरते.

आणि -२ च्या शेजारीच नाव होतं, आमची कॉन्फिग फाइल, फक्त पहिलं अक्षर कॅपिटल. नाव बदललं, सर्व्हिस परत चालू केली, त्याच ओळीत -२ च्या जागी ३ आला, म्हणजे फाइल उघडली.