टॅबलेटवरचा निळा ठिपका भलत्याच गावात का जातो?

सिम न घालता येणारा टॅबलेट घरात आला की पहिली तक्रार बहुधा नकाशाची असते. टॅबलेट कोल्हापुरात आणि निळा ठिपका पुण्यात. किंवा घर बदलून महिना झाला तरी नकाशा जुन्याच सोसायटीच्या गेटवर उभा. मग लोकेशनचं बटण दहा वेळा बंद-चालू होतं, टॅबलेट रीस्टार्ट होतो, आणि फारच वैताग आला की फॅक्टरी रीसेट. एवढं करून ठिपका असतो तिथेच, कारण बिघाड बरेचदा टॅबलेटमध्ये नसतोच. नुसता वायफायवाला टॅबलेट बहुधा आपली जागा स्वतः मोजत नाही. आजूबाजूला कोणते राउटर ऐकू येतात ते सांगून तो दुसऱ्याला पत्ता विचारतो. तेव्हा उत्तर चुकलं की बघायचं ते हे, की त्याने विचारताना काय सांगितलं आणि समोरच्याकडची नोंद किती जुनी होती.

त्याआधी एक खात्री करून घ्या: यंत्रात जीपीएस आहे का? आयपॅडचं उत्तर सरळ आहे. नुसत्या वायफाय मॉडेलमध्ये नाही, वायफाय अधिक सेल्युलर मॉडेलमध्ये आहे. सेल्युलर मॉडेलमध्ये सिम टाकलं नाही तरी जीपीएस चालतं, उपग्रहांचे संदेश ऐकायला सिम लागत नाही. जुना आयपॅड विकत घेताना सेटिंग्ज, जनरल, अबाउट असं जा आणि आयएमईआय क्रमांक दिसतो का पाहा. नसेल तर ते वायफाय मॉडेल.

अँड्रॉइडमध्ये असा काही नियम नाही. सॅमसंगच्या गॅलक्सी टॅब एस मालिकेतल्या वायफाय मॉडेलमध्येही जीपीएस मिळतं, गूगलच्या पिक्सल टॅबलेटमध्ये मात्र नाही. दुकानदाराच्या सांगण्यापेक्षा स्वतः तपासलेलं बरं. जीपीएसटेस्ट नावाचं मोफत ॲप टाका, वायफाय बंद करा आणि गच्चीवर जा. चिप असेल तर थोड्या वेळात उपग्रहांची यादी भरू लागते. स्थान निघायला निदान ४ उपग्रह लागतात. इंटरनेट नसताना पहिली खेप लांबते: प्रत्येक उपग्रह स्वतःच्या कक्षेची माहिती दर ३० सेकंदांनी पुन्हा सांगतो, पण सगळ्या उपग्रहांचं ढोबळ वेळापत्रक पूर्ण उतरायला साडेबारा मिनिटं जातात. म्हणून १५ मिनिटं आकाशाखाली थांबून मगच निकाल द्या. दिवाणखान्यात सोफ्यावर बसून केलेली चाचणी धरू नका.

आता चिप नसलेल्या टॅबलेटचं बघू. प्रत्येक राउटर स्वतःचा १२ अंकाक्षरांचा हार्डवेअर पत्ता सतत हवेत सोडत असतो. टॅबलेट असे जितके पत्ते ऐकू येतील तितके, कोणाचा आवाज किती जोरात आहे यासकट, ॲपल किंवा गूगलच्या सर्व्हरकडे पाठवतो. शेजाऱ्यांच्या राउटरला जोडलेलं असण्याची गरज नाही, त्यांचा पासवर्डही लागत नाही, नुसतं ऐकू आलं की पुरे. मात्र विचारायला इंटरनेट हवं आणि ऐकायला वायफाय चालू हवं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि गोंधळ इथेच होतो. फोनला यूएसबी केबल लावून नेट घेतलं आणि टॅबलेटचं वायफाय बंद ठेवलं, तर नेट धावतं पण ठिपका बरेचदा हरवतो.

आयपॅडवाल्यांसाठी इथे एक बारकावा. कंट्रोल सेंटरमधलं वायफायचं बटण दाबलं तर वायफाय खरोखर बंद होत नाही. चालू जोडणी तेवढी तुटते आणि पहाटे ५ वाजता आपोआप पुन्हा जुळायला मोकळी होते, लोकेशनसाठी ऐकणं मधल्या वेळातही सुरूच राहतं. सेटिंग्जमध्ये जाऊन बंद केलेलं वायफाय मात्र खरंच बंद. टॅबलेटचा स्वतःचा खरा हार्डवेअर पत्ता लपवणाऱ्या प्रायव्हेट वायफाय ॲड्रेसला दोष देणारेही बरेच भेटतात. त्याचा काही संबंध नाही, इथे पत्ता राउटरचा पाहिला जातो, टॅबलेटचा नाही.

कोणता राउटर कुठे आहे याची सर्व्हरवरची नोंदवही भरतं कोण? जीपीएस असलेले लाखो फोन. रस्त्याने जाणारा फोन स्वतःची जागा जाणतो, वाटेत ऐकू आलेल्या राउटरची नोंद करतो आणि पुढे पाठवतो. ॲपल पहिल्यांदा हे काम स्कायहूक या कंपनीकडून करून घेत असे, २०१० पासून त्यांनी स्वतःची नोंदवही वापरायला सुरुवात केली. उत्तर देण्याची पद्धतही दोघांची वेगळी आहे. गूगलचा सर्व्हर हिशेब करून तयार स्थान पाठवतो. ॲपल विचारलेल्या राउटरसोबत परिसरातल्या आणखी चारेकशे राउटरच्या जागा पाठवतं आणि हिशेब आयपॅड स्वतः करतो. त्यामुळे इंटरनेट गेल्यावरही त्याच भागात आयपॅडचा ठिपका काही काळ बरोबर चालतो आणि वस्ती संपली की अडकतो. हे पाहून आपल्या आयपॅडला जीपीएस आहे असा समज करून घेतलेले लोक कमी नाहीत.

दुरुस्तीला हात घालण्याआधी ठिपक्याभोवतालचं फिकट वर्तुळ वाचायला शिका. माझ्या मते निम्मं निदान तिथेच होतं, आणि सेटिंग्जमध्ये अंधारात चाचपडणं वाचतं.

वर्तुळ अख्ख्या शहराएवढं असेल, किंवा ठिपका जवळच्या मोठ्या शहराच्या मधोमध बसला असेल, तर टॅबलेटला राउटरवरून काहीच कळलेलं नाही. त्याने आयपी पत्त्यावरून, म्हणजे इंटरनेट जोडणीच्या क्रमांकावरून, अंदाज बांधलाय. आयपी पत्ता इंटरनेट कंपनीच्या नावावर जिथे नोंदलेला असेल ते गाव दिसतं, म्हणून कोल्हापूरचा माणूस पुण्यात किंवा मुंबईत निघतो. जोडणी दुसऱ्याच ठिकाणाहून फिरवणारं व्हीपीएन चालू असेल तर तो थेट सिंगापुरातही निघेल. याचाच चाचणीसारखा उपयोग होतो: व्हीपीएन बंद करताच ठिपका देश बदलत असेल, तर राउटरवरून जागा शोधणं मुळात चालूच नाही हे पक्कं समजा.

वर्तुळ किलोमीटर-दीड किलोमीटरचं, पण परिसर बरोबर, असं असेल तर परवानगी अर्धवट आहे. आयओएस १४ पासून प्रत्येक ॲपला प्रिसाइज लोकेशनचं वेगळं बटण आहे. अँड्रॉइड १२ पासून परवानगी मागतानाच प्रिसाइज आणि ॲप्रॉक्झिमेट असे दोन पर्याय येतात. ॲप्रॉक्झिमेट निवडलं की ॲपला साधारण ३ चौरस किलोमीटरच्या आतली जागा कळते. हवामानाच्या ॲपला तेवढं भरपूर झालं, नकाशाला नाही.

आणि वर्तुळ छोटं, आत्मविश्वास दांडगा, पण गावच चुकीचं? मग राउटर जागचा हललेला आहे. त्याचं पुढे सविस्तर.

पहिल्या प्रकारातली दुरुस्ती अँड्रॉइडवर बहुतेक वेळा एकाच बटणाशी येऊन थांबते. सेटिंग्ज, लोकेशन, लोकेशन सर्व्हिसेस, त्यात लोकेशन ॲक्युरसी. कंपनीनुसार नावं थोडी इकडेतिकडे होतात. हे बटण बंद म्हणजे फक्त जीपीएस वापर असा हुकूम, आणि जीपीएस तर नाहीच. वरचं लोकेशनचं बटण हिरवं दिसत असतं आणि ॲप तासभर गोल फिरत बसतं. त्याच पानावर वायफाय स्कॅनिंग आहे, तेही चालू करा, म्हणजे वायफाय बंद असलं तरी ऐकणं चालू राहतं. एवढ्यानेही जमलं नाही तर ॲप्सच्या यादीत गूगल प्ले सर्व्हिसेस शोधा, तिची लोकेशनची परवानगी पाहा, कॅशे साफ करा. गूगल सेवा नसलेल्या टॅबलेटवर गूगलची नोंदवहीच नसते, तिथे हे बटण शोधत बसू नका.

आयपॅडवर सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, लोकेशन सर्व्हिसेस. बटण करडं होऊन दाबलंच जात नसेल तर स्क्रीन टाइममध्ये कंटेंट अँड प्रायव्हसी रिस्ट्रिक्शन्सने ते कुलूपबंद केलंय. मुलांसाठी म्हणून केलेली ही सोय पुढे विसरली जाते. त्याच पानाच्या तळाशी सिस्टीम सर्व्हिसेस आहे. तिथे सेटिंग टाइम झोन बंद असेल तर परदेशात उतरल्यावर घड्याळ आपोआप बदलत नाही, आणि दोष लोकेशनला दिला जातो. परवानग्यांचा फारच गुंता झाला असेल तर जनरल, ट्रान्सफर ऑर रीसेट, रीसेट, मग रीसेट लोकेशन अँड प्रायव्हसी. यात फोटो, ॲप्स काही जात नाही, फक्त सगळी ॲप्स परवानगी नव्याने विचारतात. फॅक्टरी रीसेटपेक्षा हे केव्हाही बरं.

दोन्हीकडे लागू असलेली आणि कुणाच्याच डोक्यात न येणारी गोष्ट म्हणजे घड्याळ. कपाटात महिनोन्महिने पडून बॅटरी पार उतरलेल्या टॅबलेटची तारीख चुकली की सर्व्हरशी सुरक्षित जोडणी होत नाही, आणि विचारलेला पत्ता परत येत नाही. तारीख-वेळ ऑटोमॅटिकवर ठेवा. ब्राउझरची परवानगीही वेगळी असते. ॲपमध्ये ठिपका बरोबर आणि वेबसाइटवर चूक, तर ब्राउझरला आणि त्या साइटला अशी दोन ठिकाणी परवानगी द्यावी लागेल. पत्त्याच्या सुरुवातीला एचटीटीपीएस (सुरक्षित जोडणीची खूण) नसलेल्या साइटला ती मिळतच नाही.

आता हललेला राउटर. घर बदललं, राउटर सोबत आला, पण नोंदवहीत तो अजून जुन्या घरी आहे. अपार्टमेंटमध्ये शेजारच्या वीस राउटरचं म्हणणं बरोबर असतं, तुमचा एकटा खोटं बोलला तरी बहुमताने निभावतं. बंगल्यात किंवा वाडीवर आजूबाजूला फारसे राउटर नसतात, मग टॅबलेट त्याच्यावर विश्वास ठेवतो. इंटरनेटवाल्याने दुसऱ्या गावाहून परत आलेला वापरलेला राउटर बसवला तरी हेच होतं. खात्री करायला सोपी युक्ती: घरचा राउटर पूर्ण बंद करा, फोनच्या हॉटस्पॉटवर टॅबलेट जोडा, दोन मिनिटं थांबून नकाशा उघडा. चुकीचं गाव सुटलं तर चोर सापडला. मेश राउटर, म्हणजे घरभर ठेवलेले एकमेकांना जोडलेले खोके, असतील तर प्रत्येक खोका वेगळा बंद करून बघावा लागतो, कारण प्रत्येकाचा पत्ता वेगळा. साध्या राउटरचेसुद्धा २.४ आणि ५ गिगाहर्ट्झचे दोन वेगळे पत्ते असतात, म्हणून कधी एका खोलीत बरोबर आणि दुसऱ्या खोलीत चूक असं होतं.

उपाय म्हणजे नोंद नवी करवून घेणं. जीपीएसवाला फोन घ्या, त्यावर लोकेशन आणि वायफाय चालू ठेवा, राउटर ऐकू येईल इतपत घराबाहेर उघड्यावर उभं राहून नकाशा काही मिनिटं चालू ठेवा. दिवसातून एकदोनदा, काही दिवस. टॅबलेट आयपॅड असेल तर आयफोन आणि अँड्रॉइड टॅबलेट असेल तर अँड्रॉइड फोन हवा, नोंदवह्या वेगळ्या आहेत. बदल लगेच दिसत नाही, काही दिवस ते काही आठवडे धरून चाला.

राउटर फिरताच असेल, म्हणजे गाडीत किंवा फूड ट्रकवर, तर त्याच्या नावाच्या शेवटी इंग्रजी अक्षरांत अंडरस्कोर आणि नोमॅप (_nomap) जोडा. गूगल आणि ॲपल दोघंही असा राउटर नोंदवहीतून वगळतात. याची उलट बाजूही आहे: वाडीवर एकच राउटर आणि त्याला हे शेपूट असेल तर ठिपका आयपीवर जाऊन शहरात बसणार. खरं तर एकटा राउटर शेपटाविनाही फारसा कामाचा नाही, गूगलची लोकेशन सेवा किमान दोन राउटर ऐकू आल्याशिवाय वायफायवरून उत्तर देत नाही.

म्हणूनच शेतात वायफायवाला टॅबलेट नेऊ नये. राज्यात ई-पीक पाहणी १५ ऑगस्ट २०२१ पासून सुरू झाली, त्यात पिकाचा फोटो अक्षांश-रेखांशासह जातो. आजूबाजूला ना राउटर ना टॅबलेटमध्ये जीपीएस, मग ॲप अडून बसतं ते बरोबरच आहे. तिथे जीपीएसवाला फोन न्या.

प्रवासात, ट्रेकला, बोटीवर टॅबलेटचाच मोठा पडदा हवा असेल तर बाहेरून जोडायचा जीपीएस रिसीव्हर मिळतो. गार्मिनचा जीएलओ २ किंवा बॅड एल्फचे रिसीव्हर आयपॅडला ब्लूटूथवर जोडले की सगळीच ॲप्स त्यांचं स्थान घेतात, वेगळी सेटिंग नाही. अँड्रॉइडवर थोडी खटपट आहे: अबाउटमधल्या बिल्ड नंबरवर ७ वेळा टिचकी मारा, डेव्हलपर ऑप्शन्स उघडा, तिथे मॉक लोकेशन ॲप, म्हणजे टॅबलेटला बाहेरून स्थान पुरवणारं ॲप, म्हणून रिसीव्हरचं ॲप निवडा. हजेरीची आणि बँकेची काही ॲप्स मॉक लोकेशन दिसताच काम नाकारतात, तेव्हा ते वापरून झालं की निवड काढून टाका. नकाशे मात्र घरूनच डाउनलोड करून न्या, रिसीव्हर जागा देतो, नकाशा देत नाही.

ठिपका बरोबर पण बाण उलटा, अशी तक्रार असेल तर कव्हर काढा. झाकणातली चुंबकं होकायंत्राला फसवतात. कव्हर काढून टॅबलेट हवेत आठाच्या आकारात चार-पाच वेळा फिरवला की बाण ठिकाणावर येतो.